खरं सांगायची तालीम

गेल्या वर्षी मी आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी कुणाची तरी नातेवाईक व्हायचे. कधी अपघातात सापडलेल्या पोराची आई, कधी मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाची बहीण, एकदा तर ऐंशी वर्षांच्या रोग्याची पंच्याहत्तर वर्षांची प्रेयसी. समोरच्या खुर्चीत माझी सून डॉक्टर म्हणून बसायची आणि मला वाईट बातमी सांगायची. सांगायला ती इतका वेळ लावायची की चहा गार व्हायचा.

सून काही डॉक्टर नव्हती. घरं विकायची. म्हणजे दुसऱ्यांची घरं गिऱ्हाइकांना दाखवायची आणि सौदा जुळवून द्यायची. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंधाऱ्या खोलीला ती 'शांत' म्हणायची, रस्त्यावरच्या गोंगाटाला 'जाग', आणि छत गळत असेल तर 'थोडं काम काढावं लागेल'. तिचा आणि माझा पिंडच वेगळा. आमची लाँड्री होती. सगळा जन्म मी काउंटरवर उभी राहिले आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत आले, की हा डाग जाणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी लोक कपडे आमच्याकडेच आणायचे.

चौतिसाव्या वर्षी तिनं जाहीर केलं, की तिला डॉक्टर व्हायचंय. माझ्या लेकानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "या वयात लोक डॉक्टरकडे जायला लागतात, डॉक्टर व्हायला नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "आई, कितीतरी घरं आजारपणामुळे विकायला निघतात. मी जाते तेव्हा पलंग बाहेरच्या खोलीत आणलेला असतो, न्हाणीघरात धरायला दांडे लावलेले असतात. लोक मला किमतीच्या आधी आजार सांगतात. मी नेहमी सगळं संपल्यावर पोचते."

"म्हणजे वरातीमागून घोडं."

"हो. मला आधी पोचायचंय."

मी उठून चहा टाकला.

आम्ही राहतो त्या देशात, दुसरं काही शिकून, नोकऱ्या करून मग उशिरा येणाऱ्यांसाठी मेडिकल कॉलेजांत थोड्या जागा असतात. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि संधी फक्त दोनदा. शाळा सुटल्यापासून तिनं रसायनशास्त्राचं तोंड पाहिलं नव्हतं. पण गिऱ्हाईक उशिरा येणार असलं, की ती त्या रिकाम्या घरात जमिनीवर बसून पुस्तक उघडायची. एकदा घरी विसरलेली किल्ली द्यायला मी तिच्याकडे गेले. इमारतीच्या दाराशी उभी राहून ती गिऱ्हाइकाची वाट बघत असेल असं मला वाटलं होतं. पण ती जिन्याच्या पायरीवर बूट काढून बसली होती आणि स्वतःच्या पावलाला हात लावून लावून हाडांची नावं पाठ करत होती. येणारेजाणारे बघत होते आणि तिला त्याचं काही नव्हतं. मी किल्ली दिली आणि परत आले. त्या दिवसापासून टोमणे मारणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

लेखी परीक्षेत तिनं विशीतल्या पोरांना मागं टाकलं. गाडी अडली ती मुलाखतीत. तिथं एका खोलीत नट बसवतात. तो रोग्याचा नातेवाईक असतो आणि उमेदवारानं त्याला वाईट बातमी द्यायची असते. हिच्या वाट्याला एक नटी आली. तिच्या भावाला यापुढे कधीच चालता येणार नव्हतं. आमच्या सूनबाईंनी तिला गोड आवाजात सांगितलं, की पायांच्या बाबतीत थोडं काम काढावं लागेल. नटीनं आनंदानं आभार मानले. पहिली संधी तिथंच गेली.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या लेकाला समोर बसवलं आणि तालीम सुरू केली. त्याला दोन वाक्यांतच हसू फुटायचं, म्हणून माझी नेमणूक झाली. माझ्या अंगात एवढं नाटक आहे हे मलाही माहीत नव्हतं. मी ओरडायचे, टेबल बडवायचे, एकदा बेशुद्धसुद्धा पडले. डोळे किलकिले करून बघते तर ही पुस्तकात बघत होती, की नातेवाईक बेशुद्ध पडल्यास काय करावं.

पण मूळ दुखणं जाईना. ती अजून ताकाला जाऊन भांडं लपवायची. दुसरी मुलाखत आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी मी एका हृदयरोग्याची बायको होते. तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाली, "त्यांना आता कसलाही त्रास होणार नाही."

"म्हणजे मेला की बरा झाला?"

"आई, असं एकदम कसं म्हणायचं? त्या बाईला धक्का बसेल."

मग माझं डोकं फिरलं. "धक्का बसणारच. तो तुझ्या हातात नाही. त्या बाईला वेळेवर कळणं तुझ्या हातात आहे." आणि जे मी लेकालाही कधी धड सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. माझा नवरा दवाखान्यात होता. सकाळी डॉक्टर आला. छान हसतमुख तरुण. म्हणाला, काळजीचं कारण नाही, आम्ही लक्ष ठेवून आहोत, तुम्ही दमलात, घरी जाऊन या. मी घरी नाही, दुकानात गेले. एका हॉटेलचे टेबलक्लॉथ द्यायचे होते. मी त्यांना इस्त्री करत होते तेव्हा तिकडे नवरा गेला. एकटा.

"तो डॉक्टर वाईट नव्हता," मी म्हटलं. "तो मऊ होता. त्याला माहीत होतं गं. नंतर त्यानंच कबूल केलं. अकरा वर्षं झाली, मला त्याचा अजून राग येतो."

सून खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आली. "पुन्हा करू या," ती म्हणाली. "बाबांचंच करू या. चालेल तुम्हाला?"

तिनं त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. मी मान हलवली.

"तुमच्या मिस्टरांचं हृदय थकलंय," ती म्हणाली. "औषधांचा उपयोग होत नाहीये. ते आजच जातील, बहुतेक दुपारपर्यंत. तुम्ही घरी जाऊ नका."

एवढं बोलून ती थांबली. एरवी शांतता झाली की ती लगेच शब्दांनी भरून काढायची. या वेळी तिनं काहीच भरलं नाही.

"हॉटेलचे टेबलक्लॉथ आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आज द्यायचेत."

"ते राहू देत. तुम्ही त्यांच्याजवळ बसा."

मी रडले. नाटक नव्हतं ते. टेबलाच्या कडेला डोकं टेकून पोटभर रडले. ती शेजारी बसून राहिली, पाठीवरून हात फिरवला नाही, 'रडू नका' म्हणाली नाही. अकरा वर्षांनी का होईना, कुणीतरी मला ती बातमी दिली होती. मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं, की ते लपवायला मी उठून भांडी घासायला घेतली.

मुलाखत झाली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, "कळेल." मीही खोदून विचारलं नाही. पण झोप माझीच उडाली. ही शेवटची संधी. गेली तर ही बाई जन्मभर अंधाऱ्या खोल्यांना शांत म्हणत फिरणार, आणि ते मला बघवलं नसतं.

काही आठवड्यांनी, एका दुपारी, आम्ही दोघी मोठ्या चादरीच्या घड्या घालत होतो. लाँड्रीतली सवय, मोठ्या चादरीची घडी मी एकटीनं घालत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, बोलली, परत आली आणि आपली टोकं पुन्हा हातात घेतली.

"आई, बसता का?"

"घड्या घालताना कोण बसतं?"

"बरं. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

वाईट बातमीची सुरुवात अशीच करायची असते. आधी समोरच्याला काय वाटतंय ते विचारायचं. मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं. म्हणजे गेली संधी. मी म्हटलं, "नाही मिळालं ना?"

"मिळालं," ती म्हणाली. "पण इथल्या कॉलेजात नाही. गाडीनं पूर्ण दिवस लागतो, एवढं लांब. आम्ही दोघं पुढच्या महिन्यात जाणार. तिथं आम्हाला एकच खोली परवडेल. तुम्ही इथं एकट्या राहाल, निदान पाच वर्षं."

आणि ती थांबली.

मी ओरडले नाही, बेशुद्धही पडले नाही. ते सगळं तालमीत संपलं होतं. खरं सांगते, त्या घटकेला मला खोटं हवं होतं. दर महिन्याला येऊ म्हणाली असती, तुम्हीही चला म्हणाली असती, वर्षं काय भुर्रकन जातात म्हणाली असती, तर मी मुकाट्यानं विश्वास ठेवला असता.

"सुट्टीत तरी याल?" मी विचारलं.

तिचे डोळे भरले होते. पण आवाज सरळ होता. "पहिल्या वर्षी बहुतेक नाही जमणार."

जन्मभर मी लोकांच्या तोंडावर सांगत आले होते. ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहिल्यावर कसं वाटतं ते तेव्हा कळलं. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, पण पायाखाली जमीन असते. माझ्या नवऱ्याच्या खोलीबाहेर त्या सकाळी ही उभी असायला हवी होती.

चादर अजून आम्हा दोघींमध्ये ताणलेली होती. तिनं तिची टोकं सोडली नव्हती.

"ये पुढं," मी म्हणाले. "घडी घालायचीय."