मिस्त्रीची टोपी

आमच्या वस्तीतली पहिली मोटार माझ्या नवऱ्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण मध्येच कुणी "बुधाजीचीही होती की" म्हटलं की माझं डोकं फिरतं. बुधाजीची तीन वर्षांनी आली. आमची एकसष्ट साली आली, चौथ्या हातातून, एक दार सुतळीनं बांधलेलं. पण अकोल्यात भाड्यानं फिरवायचा परवाना तिच्यावर रीतसर होता.

अडचण एवढीच की वस्तीबाहेरचं माणूस तिच्यात बसत नव्हतं. "खटारा आहे," म्हणायचे आणि शेजारच्या टॅक्सीत बसायचे, जी आमच्याहून खटारा होती. खरं कारण तेही जाणत होते आणि आम्हीही.

अशात एका वैशाखात फुलमळ्याचे वामनराव आमच्याकडे चालत आले. त्यांच्या सहदेवचं वऱ्हाड परतवाड्याला जायचं होतं आणि नवरदेवासाठी ठरवलेल्या टॅक्सीवाल्यानं ऐनवेळी तोंड फिरवलं होतं.

"परवा सकाळी निघा लागते," ते दारातूनच म्हणाले. "रस्त्यात बंद त नाही पडणार? नवरदेव हाये तिच्यात."

"बंद पडली त मी खांद्यावर नेतो नवरदेवाले," धर्मपाल म्हणाला. माझ्या नवऱ्याची जीभ नेहमी त्याच्या मोटारीपेक्षा जोरात धावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पट्टा तुटला. इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो, तो पंखा, पाण्याचा पंप आणि डायनमो असं तिन्ही फिरवतो. तो नसला की वैशाखात मोटार दोन मैलांत उकळते. डायनमोला ताणून धरणारी खाचेची लोखंडी पट्टीही चिरली होती. गॅरेजवाला म्हणाला, लग्नसराई आहे, आठ दिवसांनी या. मग धर्मपालनं बाजारातून दोन्ही वस्तू नव्या आणल्या आणि अंगणात गोणपाट अंथरलं.

"मीच बसवतो. त्यात काय हाये?"

झालं, अर्धी वस्ती गोळा झाली. आमची वस्ती जिनातली. घरटी एक माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये, त्यामुळे पट्ट्यातलं प्रत्येकालाच कळतं. जिनात हातभर रुंद कातडी पट्टे असतात. हंगामात ते सैल पडतात, म्हणून नवा पट्टा आधीच हलगीसारखा ताणून बसवायचा, टिचकी मारली की वाजला पाहिजे, ही तिथली रीत. धर्मपालही त्या जिनातच लहानाचा मोठा झाला होता. त्यानं चिरलेली पट्टी काढली, नवी लावली, डायनमो आत ढकलला आणि नवा पट्टा पंख्याच्या पात्यांवरून सरकवून तिन्ही चाकांवर चढवला. मग पहारीनं डायनमो बाहेर खेचला. "अजून ताण, अजून," लोक ओरडत होते. शेवटी पान्यानं नट आवळून त्यानं टिचकी मारली. पट्टा वाजला. लोक खूष.

मोटार सुरू केली तर डायनमो बारीक किंचाळायला लागला. "आवाज पाहा कसा कडक हाये," बुधाजी म्हणाला.

माझी सासू मनकर्णा दारात बसून होती. तिनं बावीस वर्षं रेच्यावर काढली होती, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर, आणि त्या खडखडाटानं तिचे दोन्ही कान नेले होते. ती उठली, लोकांना बाजूला सारत आली आणि डायनमोच्या मागल्या अंगावर तळहात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "बंद कर. लय ताणला तू, आतून तापून राहिला हा."

"आई, तुले ऐकू नाही येत. तुले काय समजते?" धर्मपाल चिडला.

तिनं त्याच्या ओठांवरून ओळखलं. "मले ऐकू नाही येत म्हणूनच समजते. रेचा गरम होऊन राहिला हे मी हातानं सांगो. मिस्त्री म्हने, बाईमाणसानं कापूस टाकावा, पट्ट्याकडे पाहू नये. एक डाव माह्या बाजूचा रेचा पेटला, तवा आला धावत. अन् दर साली जिनाच्या मुहूर्ताच्या दिवशी टॉवेल-टोपीचा मान त्याले. आमाले मूठभर बत्तासे."

हे सगळं मी त्या घरात पाच वर्षं राहून पहिल्यांदा ऐकत होते. मला असा संताप आला की मी पुढं होऊन धर्मपालचं मनगट धरलं आणि त्याचा हात डायनमोवर टेकवला. चटका बसून त्यानं तो मागे घेतला. मग पाना उचलला.

सासूनं त्याला नट सैल करायला लावला. पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला, पेरभर आत गेला तेव्हा म्हणाली, "आता आवळ नट." मोटार पाव तास चालली. तिनं पुन्हा हात ठेवला आणि मान डोलावली.

लोक मात्र नाराज होऊन गेले. "ढिल्या पट्ट्यावर नवरदेव नेऊन राहिला," बुधाजी जाता जाता म्हणाला. त्याचं बोलणं मला झोंबलं, कारण भीती मलाही होती. ही मोटार परतवाड्याच्या वाटेवर थांबली असती, तर बाहेरचं माणूस तिच्यात पुन्हा कधीच बसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच धर्मपाल नवरदेवाला घेऊन गेला. मी दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आले. सासू निवांत ज्वारी निवडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मोटार अंगणात आली. पुढच्या सीटवर वामनराव! आमच्या वस्तीत मोटारीतून उतरणारे बाहेरचे पहिले पाव्हणे. त्यांच्या हातात कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी होती.

"अंजनगावच्या अलीकडे दोन वऱ्हाडांच्या मोटारी वाफ सोडून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "आपली थांबलीच नाही बाप्पा. मांडवात ह्याले मान द्याले गेलो त हा म्हने, मिस्त्री घरी हाये. कोठी हाये मिस्त्री?"

धर्मपालनं सासूकडे बोट केलं. लग्न झाल्यापासून इतका आवडला नव्हता तो मला.

वामनराव टोपी हातात धरून अवघडले. "बाईमाणसाले टोपी कशी देऊ? लुगडं आणून देतो उद्या."

सासूला यातलं किती समजलं कोण जाणे. पण टोपी तिनं ओळखली होती. आधी तिनं बॉनेट उघडायला लावून डायनमोवर हात ठेवला आणि तो ठीक आहे याची खात्री केली. मग तोच काळा हात पुढे केला.

"लुगडं हाये माह्यापाशी. टोपी आना."

वामनरावांनी टोपी दिली आणि टॉवेल तिच्या खांद्यावर ठेवला, अगदी रीतीप्रमाणे. तिनं पदर मागे सारून पांढऱ्या केसांवर टोपी चढवली. कडेला तेलाचे चार डाग पडले.

दुसऱ्या दिवशी ती टोपी घालूनच ती नळावर पाण्याला गेली. बुधाजी तिथंच रांगेत होता. त्यानं एकदा टोपीकडे पाहिलं, मग आपली बादली उचलून बाजूला केली आणि तिला पुढं जाऊ दिलं.