न सांगता लावलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे आणि स्वभावाने जळके आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर नावे ठेवायला नकोत.

चतुराबाईने मला मुखेडच्या बाजारातून आणले ते भूकंपाच्या साली. त्या दिवसांत माणसे भिंतींना भिऊन अंगणात झोपत आणि रिकाम्या घरांना कुलपे लावत. जो तो मला ओढून म्हणे, "दणकट हाय!" पुढे तिने मला मुलाच्या, व्यंकटीच्या घराला दिले. दसरा झाला की व्यंकटी आणि त्याची बायको पुनम ऊसतोडीला जात. त्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून आईला मागे राहता येत नाही. थोरला मुलगा हरिओम लातूरला क्लासला होता, त्याच्यासाठीच ही सगळी धावपळ.

मी जळायचे ते माझ्या किल्लीवर. मी उन्हातान्हात दारावर लटकणार, आणि ती मात्र पुनमच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, तिच्या उराशी. दोघे एकाच भट्टीतली, पण नशीब बघा!

माझ्यासारखेच जळणारे आणखी एक माणूस त्या घरात होते. नऊ वर्षांची रुद्राणी. त्या वर्षी पुनमने अंगावरच्या बाळाला सोबत नेले आणि रुद्राणीला आजीकडे, चतुराबाईकडे ठेवले. पोरगी रडेल म्हणून ती शाळेत असतानाच ट्रॅक्टर निघाला. आमच्याकडे पुष्कळ आया असेच करतात. पोराने पाहिले नाही म्हणजे त्याला लागत नाही, असे त्यांना वाटते.

शाळा सुटल्यावर रुद्राणी दप्तर उडवत आली, आणि तिला मी दिसले.

ती रडली नाही. रोज यायची, मला ओढून बघायची. "बाळाला नेलं, मला न्हाई. मी काय जड झाले का?" असे मलाच विचारायची. पुढे तेही थांबले. कोरभर भाकरी खाऊन उठायची. हरिओमचा फोन आला की तोंड फिरवायची. शाळेत जाणेही बंद झाले. एके दुपारी तिने दगड घेऊन मला ठेचायला सुरुवात केली, तिची बोटे फुटली.

चतुराबाई घाबरली. "पोरीला बाहेरचं लागलं. अंगाऱ्याला नेते."

रुद्राणी शाळेत का येत नाही हे बघायला तारामती मॅडम आल्या होत्या. त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. "बाहेरचं काही नाही, काकू. तिला न सांगता गेले, ते लागलंय." आणि त्यांनी पुनमला फोन लावून स्पीकरवर रुद्राणीपुढे धरला.

"रडशील म्हणून सांगितलं न्हाई गं," पुनम म्हणाली.

रुद्राणीने फोन तोंडाजवळ ओढला. "मला सोडताना तुला काईच वाटलं न्हाई का?"

"कुलूप लावलं अन् दोनदा काढलं गं! तुझा फ्रॉक खुंटीला दिसला. मुकादम वरडाया लागला, मग गेले."

खरे होते ते. दोन महिने माझ्या पोटात होते, पण कुलपाला सांगता थोडेच येते! रुद्राणीने भोकाड पसरले. मला त्या एवढ्याशा मोबाइलचा हेवा वाटला. मी इतके दिवस तिच्या हाताशी, आणि त्याने पाच मिनिटांत तिला रडवले.

एका फोनने सगळे बरे झाले नाही. मॅडम दर शनिवारी फोन लावून देत, चतुराबाई तिला कुशीत घेऊन बसे. भाकरी कोरभराची अर्धी व्हायला पौष उजाडला.

पुढच्या दसऱ्याला पुनमने आठ दिवस आधी सांगितले. रुद्राणी आठही दिवस भांडली. "बाळाला ठेव, मला ने!" जायच्या सकाळी पुनमने किल्लीचा दोरा गळ्यातून काढून तिच्या हातात दिला. "तूच लाव." तिने मला लावले आणि रडत वेशीपर्यंत ट्रॅक्टरमागे पळाली. दुसऱ्या दिवशी चतुराबाई शेजारणीला सांगत होती, "रडली लई, पण जेवली."

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी असे गप्प झाले असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, बाईंना सांगा. आणि मोठ्यांना माझा निरोप द्या. पोटासाठी जावे लागते, हे लोखंडालाही कळते. पण पोरांना सांगून जा, त्यांना रडू द्या. आई गेल्याची बातमी पोराला कुलपाने देऊ नये.