आकडा सांगू नका

आमच्या घरात एका आकड्याचं नाव काढायला बंदी आहे. पाहुणे आले की माझी लेक त्यांना दारातच बजावते, आईसमोर शहाण्याचा आकडा बोलायचा नाही. एकदा जेवताना माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या गुरुत्वाकर्षणाचं उत्तर आलं की, सहा पूर्णांक..." आणि लेकीनं पाण्याचा ग्लास त्यांच्या मांडीवर सांडला. चुकून नव्हे. दीर आठवडाभर फुगून बसले होते.

शहाणा हे एका विचार करणाऱ्या यंत्राला मी दिलेलं नाव. लेक त्याच्याच कचेरीत आहे. तो शिकत कसा जातो यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. लक्ष ठेवणं म्हणजे धापा टाकत मागे पळणं, असं ती स्वतःच म्हणते. या यंत्रानं स्वतःच स्वतःला सुधारायला घेतलं आणि माणसं मागे पडली, तेव्हा सगळे त्याला सिंग्युलॅरिटी म्हणू लागले. शब्द आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांचा, या यंत्रवाल्यांनी पळवला. आमच्याकडे तारा स्वतःच्या वजनाखाली कोसळत जातो आणि शेवटी गणित हात टेकतं, त्या जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. इथून पुढचं आम्हाला कळत नाही, अशी ती कबुली असते. यांनी त्याचा अर्थ केला, इथून पुढे सगळं कळलं. याचा मला अजून राग येतो.

माझं काम तळघरात चालतं. केसाहून बारीक तारेला एक आडवी काडी टांगली आहे, तिच्या दोन टोकांना दोन छोटे गोळे. बाहेरून धातूचे दोन मोठे गोळे जवळ आणले की काडी त्यांच्याकडे किंचित वळते. किती वळली, यावरून गुरुत्वाकर्षणाचा जोर काढायचा. ऐकायला सोपं आहे, करायला बसा म्हणजे कळेल. विजेला आडोसा करता येतो, गुरुत्वाकर्षणाला नाही. बाहेर उभी केलेली मोटार काडीला ओढते, पावसानं भिजलेली माती ओढते, मीही ओढते. म्हणून दाराबाहेर जमिनीवर लाल पट्टा मारलाय, मोजणी चालू असताना त्याच्या आत कुणी यायचं नाही. आमच्या संस्थेच्या संचालकांनी पट्ट्याच्याही थोडं मागेच थांबावं, असं मी त्यांच्या पोटाकडे बघून सांगितलं होतं.

मोजून झालं की चुका शोधायच्या. तार तापली का, गोळा आतून पोकळ आहे का, मजला कललाय का. एकेक चूक सापडते तसा आकडा जरा सरकतो. खरी मेख इथे आहे. उत्तर आधी ठाऊक असलं, की आकडा त्याच्याजवळ पोचताच माणूस चुका शोधायचं थांबवतो. लबाडी कुणी करत नाही. दमलेला असतो, बरं वाटतं, उठून चहाला जातो. पुस्तकातला जुना आकडा आम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण त्याची शेपटी, म्हणजे शेवटचे अंक, डळमळीत होती, आणि भांडण शेपटीचंच होतं. शहाण्यानं ती नुसत्या विचारानं काढून दिली. ती कानावर पडू नये म्हणून मी वर्तमानपत्र सोडलं, व्याख्यानं सोडली, मैत्रिणीही सोडल्या. बाईंचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. म्हणोत.

त्या दुपारी संचालक खाली आले, बरोबर माझी लेक. बाहेरच्या मोजण्या शहाण्याकडे तिच्याच हातून जातात. संचालक माझा जुना विद्यार्थी. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणते आणि तुम्ही म्हणते.

"बाई, शहाण्याच्या यंत्रांना गारवा लागतो, त्यासाठी ही खोली जातेय," तो म्हणाला. "ते आता टळत नाही. पण उद्या सगळ्या प्रयोगशाळांचे आकडे कायमचे नोंदले जाणार आणि हा प्रश्न बंद होणार. तुमचा जुळला तर त्यात मानानं जाईल. नाही जुळला तर सदोष म्हणून वगळतील."

म्हणजे माझं सगळं आयुष्य एक तर शहाण्याला मान डोलावणारं, नाही तर सदोष. माझी मोजणी संपली होती. मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

त्यानं आकडा वाचला आणि त्याचे कान लाल झाले. परीक्षेत पेपर अवघड गेला की असेच व्हायचे. मला कळलं, जुळला नाही. खरं सांगते, जुळावा असं मला फार वाटत होतं.

"अजून वेळ आहे, बाई. एकदा तपासून बघा."

"तपासलंय, साहेब."

"मी आकडा सांगत नाही. फक्त वर की खाली, एवढं सांगतो. चूक कुठे शोधायची ते तरी कळेल. सगळ्यांनी तेवढंच विचारलं होतं."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

"सगळ्या प्रयोगशाळांनी. सुरुवातीला कुणाचाच जुळत नव्हता हो. मी एकेकाला फोनवर वर की खाली तेवढं सांगितलं. मग त्यांना चुका सापडल्या. खऱ्या चुका, कुणी काही बनवलं नाही. आणि सगळे जुळले." मोठी मदत केल्यासारखा तो सांगत होता.

"अरे, हेच शिकवलं होतं का मी तुला?" माझं साहेब आणि तुम्ही तिथेच गळून पडलं. "सापडलेल्या चुका खऱ्याच असणार. न शोधलेल्यांचं काय? जुळल्यावर पुढे शोधलं कुणी?"

लेक जिन्याच्या पायरीवर बसली.

"आई, शहाण्याचा तो आधी नुसता अंदाज होता. त्यानं तसं लिहिलंही होतं, कुणी वाचलं नाही. या मोजण्या जुळल्या म्हणून त्यानं आकडा पक्का धरला, आणि पुढचं सगळं त्यावर रचलं."

"म्हणजे त्यानं यांना सांगितलं, यांनी त्याला तेच परत सांगितलं, आणि दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली."

"तुमचा एकटीचा बरोबर आणि सगळं जग चूक, असं म्हणायचंय का तुम्हाला?" संचालकाचा आवाज चढला.

"असं मी म्हटलेलं नाही. माझाही चुकीचा असेल. पण तो चुकला असेल तर आपला आपण चुकलाय, कुणाच्या सांगण्यावरून नाही. तो आहे तसा जाईल."

"वगळतील."

"वगळू देत. मी माझ्या हातानं खोडणार नाही."

लेकीनं तिथेच बसून तिच्या संगणकावर आकडा भरला. शहाण्याचं उत्तर लगेच आलं आणि तिनं ते माझ्यापासून लपवत मोठ्यानं वाचलं, "बाकी मोजण्यांशी जुळत नाही. दुरुस्ती सुचवू का?"

"नाही म्हण."

"तुझी नोकरी आहे तिथे," संचालक तिला म्हणाला. "विचार कर."

तिनं विचार केला, मला दिसत होतं. मग तिनं नाही म्हटलं आणि खाली लिहिलं, एकेक शब्द उच्चारत: मोजणाऱ्या व्यक्तीला उत्तर माहीत नव्हतं. बाकी सर्वांना वर की खाली हे संचालकांनी सांगितलं होतं.

"माझं नाव कशाला?"

"खोटं आहे का, दादा?"

ती लहान असताना तो तिचा अभ्यास घ्यायला घरी यायचा, तेव्हापासूनचा दादा. उद्या खोली रिकामी करा, एवढं बोलून तो जिना चढून गेला.

शहाण्यानं कळवलं, नोंद घेतली, भरवसा कमी.

"कमी तर कमी," मी म्हटलं. "शून्य तर नाही ना लिहिलं?"

मोठे गोळे मागे घेऊन मी काडी बांधून ठेवली. मग तार सुटी केली. लेक अजून पायरीवरच होती.

"आई, आता तर नोंद झाली. सांगू का, वर की खाली? इतकी वर्षं पोटात ठेवलंय, आता नाही झेपत."

सांग म्हणावं, असं मला फार वाटलं. तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं.

"नको," मी म्हटलं. "आधी दुसरी खोली बघू. मला पुन्हा मोजायचंय."