दोन हत्तींच्या मधे

डावा हत्ती

"काका, आधी हत्ती काढू. नावांचं नंतर बघू," रश्मी म्हणाली.

"नंतर न्हाई. आधी नावं," गेनू म्हणाला. "आपलं तसंच ठरलंय."

"ठरलंय हो. पण हत्तीसाठी हॉटेलची गाडी येऊन उभी आहे ना."

गाडी खरंच उभी होती. गेनूचं कुरुळीतलं घर रस्ता रुंद करण्यात जाणार होतं. सोमवारी जेसीबी येईल, असं माणसं सांगून गेली होती. पुढच्या भिंतीवर गेनूच्या मुलाच्या, आदिनाथच्या लग्नात काढलेलं चित्र होतं, गावात लग्नघराच्या दारी काढतात तसं. दोन बाजूंना दोन हत्ती, एक भालदार आणि मधे दारावर नवरा-नवरीची नावं. रश्मी अशी रस्त्यावरची चित्रं गोळा करायची, हॉटेलांना आणि कंपन्यांना पुरवायची. तिनं पैसे देऊ केले, ते गेनूनं घेतले नाहीत. हत्ती न्या, नावं तेवढी मला काढून द्या, म्हणाला.

मधलं

हत्ती पेंटरचे. नावं आदिनाथच्या हातची.

हळद लागल्यावर नवरदेवानं घर सोडायचं नसतं. ओट्यावर बसून तो कंटाळला आणि पेंटरच्या हातातला ब्रश त्यानं ओढून घेतला. स्वतःचं नाव झोकात आलं. 'तनुजा' लिहिताना ओळ खाली खाली उतरत गेली. त्याची आई शकू खालून ओरडली होती, "आरं, आत्ताच खाली ढकलतूस व्हय तिला?" सगळा मांडव हसला होता.

पुढं कंपनीतून घरी येताना त्याची मोटारसायकल कंटेनरखाली गेली. वर्ष सरल्यावर तनुजाचं दुसरं लग्न झालं, त्यात अक्षता टाकायला गेनू-शकू गेले होते. घरात आदिनाथचे फोटो होते, कपडे होते. त्यानं स्वतः केलेलं असं भिंतीवरचं तेवढंच.

फोटो

मागच्या खोलीत भाड्यानं राहणारा सिद्धेशही चित्रं गोळा करायचा. पुलाचे खांब, शटरं, ट्रकचे फाळके. सगळी मोबाइलमधे.

"मॅडम भिंत नेतात, आपण फोटो नेतो. ज्याचं त्याचं बजेट, काका," तो म्हणाला. "तुम्हाला मोठी फ्रेम करून देऊ का?"

गेनूनं स्टुलावर चढून 'आ'वर बोट फिरवलं. रंग जाड होता, बोटाला लागत होता.

"फोटूला हात लावला तर काय लागतं रं? काचच."

भालदार

भालदार कुणीच मागितला नाही.

उजवा हत्ती

चित्रावर सरस लावून कापड चिकटवायचं, वाळलं की कापडासकट गिलावा सोलून घ्यायचा. डावा हत्ती सोललेल्या सालीसारखा आला. रश्मीनं टाळ्या वाजवल्या. उजव्याला जरा वेळ लागला. पोरं छिन्नी घालत होती, गेनू खाली उभा राहून "हळू, हळू" म्हणत होता. हत्ती सुटला. दोन्ही बाजूंची माती उघडी पडली.

मग नावांवर सरस लावला.

कापड वाळेपर्यंत सगळे चहाला गेले. परत आले तेव्हा कापड एका खिळ्याला लोंबत होतं आणि दारात मातीचा ढीग होता.

रश्मी म्हणाली, "काका, मला... ओल होती आत. कळलंच नाही मला." तिचे डोळे भरले होते. "मी परत लिहून घेते ना. अगदी डिट्टो. आर्टिस्ट आहे माझ्याकडे."

"ऱ्हाऊ द्या."

"नाही, मला करायचंय."

"ऱ्हाऊ द्या, ताई. तुमची गाडी खोळंबलीया."

शकू सिद्धेशकडे वळली. "तुझ्यात हाय ना, बाळा? फोटूत?"

तो मोबाइलवर बोट सरकवत राहिला. डावा हत्ती. उजवा हत्ती. हत्तीचा डोळा. सोंड.

"काकू, हत्तीच घेतलेत मी. नावांमुळे फ्रेम बिघडत होती, म्हणून... कापली."

गेनूनं मोबाइल हातात घेतला, लांब धरून पाहिला.

"हत्ती झ्याक आल्यात," तो म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

गोणी

जेसीबी यायच्या आत शकूनं ढीग गोणीत भरला. रंगाचे तुकडे वेगळे करायला बसली, पण ते हातातच भुगा होत होते. मग सगळंच भरलं.

आता ते दोघं चिखलीत भाड्याच्या एका खोलीत राहतात. पहिल्याच आठवड्यात खोलीमालक सोनबा डोकावला.

"लागलं का सामान, गेनूभाऊ?"

"लागलं की. या ना, बसा."

खोलीत एक कॉट, तिच्यावर भांड्यांची खोकी, आणि कोपऱ्यात गोणी. सोनबा गोणीवर टेकायला वाकला. दोघांचे हात एकदम पुढे झाले.

"काय झालं? शिमिट हाय काय?"

"न्हाई," शकू म्हणाली.

गेनूनं कॉटवरची खोकी एकेक करून खाली उतरवली, फडक्यानं जागा पुसली.

"हितं बसा."

सोनबा बसला. नळाला पाणी कधी येतं, लाइटचं बिल कुणी भरायचं, हे सांगू लागला. शकूनं चहा ठेवला. गेनू गोणीशेजारी उभा राहून मान हलवत होता, आणि सोनबा जाईपर्यंत तो तसाच उभा होता.