निरोगी माणसाची खाट

आमच्या वॉर्डात डॉक्टरकीच्या परीक्षेला एक खाट मुद्दाम निरोगी माणसाची ठेवतात. नसलेला आजार ठोकून देणारा विद्यार्थी तिथे बरोबर सापडतो. तो माणूस शोधून आणायचं काम माझं. बावीस वर्षं इथे मावशी म्हणून राबतेय, माझी निवड कधी चुकली नाही.

यंदा ठरलेल्या माणसाने ऐन वेळी दगा दिला. मग काय, नवऱ्यालाच ओढून आणलं. धट्टाकट्टा गडी, उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढला नव्हता. "नुसतं पडून राहायचं ना? त्यात माझा हात कोण धरणार!" म्हणत आडवा झाला.

तीन पोरांनी पोट चाचपलं आणि "नॉर्मल" सांगून गेली. चौथी आली ती घाबरट पोरगी, गेल्या खेपेला नापास झालेली. तिने डाव्या बरगडीखाली बोटं दाबली, पुन्हा दाबली. म्हणाली, "सर, इथे काहीतरी वाढलंय. गाठीसारखं लागतंय."

माझं डोकंच फिरलं. "अगं बये, नवरा आहे तो माझा! काल दोन ताटं जेवलाय. गाठ कसली, भात असेल तो!"

हा खाटेवर खुदुखुदु हसतोय. सरांनाही हसू आलं. "नक्की?" त्यांनी पोरीला विचारलं.

तिचे डोळे भरले. "नापास करा सर, पण आहे."

सरांनी पेन ठेवलं आणि स्वतः हात लावला. मला वाटलं, आता पोरीची बिनपाण्याने होणार. पण सरांचा हात तिथून हलेचना. त्यांनी ह्याला उजव्या कुशीवर वळवलं, पुन्हा दाबलं. हसू कुठल्या कुठे गेलं.

"मावशी," ते म्हणाले, "जरा बसा."

बावीस वर्षांत ह्या वॉर्डात मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. सर 'बसा' कुणाला म्हणतात ते मला पक्कं ठाऊक. मी ह्याच्याच खाटेवर टेकले.

हा सदऱ्याची बटणं लावत म्हणाला, "काय हो सर, पोरगी माझ्यापायी नापास तर नाही ना झाली?"

"पास झाली," सर म्हणाले.

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. हा बिचारा तिचीच समजूत काढत बसला, "अगं वेडे, पास झालीस की! आता कशाला रडतेस?"