डावा डोळा

डॉक्टर वैशालीने जुनी फिल्म भिंतीवरच्या दिव्यासमोर लावली आणि खुर्ची पुढे ओढली. शेजारच्या पडद्यावर बुधाजींचा आजचा एमआरआय होता. मेंदूच्या तळाशी सरळ वर जायला हवी ती रक्ताची शीर फुगून, लांबून डावीकडे वळली होती. तिने मोजलं. साडेसहा मिलिमीटर, असायला हवी चारच्या आत. वळणाच्या टोकाला ती चेहरा हलवणाऱ्या नसेवर टेकली होती.

मग तिने फिल्म पाहिली. त्यांचीच, पाच वर्षांपूर्वीची. वळण तेच, थोडं कमी. सोबतच्या रिपोर्टवर एकच ओळ होती, 'विशेष दोष आढळला नाही', आणि खाली तिची स्वतःची सही.

परळच्या ज्या सेंटरमध्ये ती काढली, तिथे तेव्हा वैशाली नवीन होती. नुसता आजचा रिपोर्ट लिहिला असता, तर कुणी काही विचारलं नसतं. तिने फिल्म पिशवीत घातलीसुद्धा. मग ती पुन्हा काढून दिव्यासमोर लावली आणि बाहेर निरोप पाठवला.

बुधाजी मुलीला घेऊन आत आले. भोईवाड्यातले, एकसष्ट वर्षांचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. त्यांचा डावा डोळा सारखा मिटत होता आणि त्याबरोबर ओठाचा कोपरा वर खेचला जात होता. मुलगी मनाली बँकेत नोकरीला होती.

"ही शीर रुंद झालीय, लांबलीय," वैशाली म्हणाली. "नसेवर दाब येतो, म्हणून डोळा असा मिटतो."

"धोका आहे?" मनालीने विचारलं.

"आहे. गुठळी होऊ शकते, क्वचित फुटतेही. ब्लडप्रेशर काटेकोर सांभाळायला हवं. न्यूरोच्या डॉक्टरांशी बोललेय मी, ते आत्ताच बघतील." तिने फिल्मकडे बोट केलं. "आणि हे पाच वर्षांपूर्वीही दिसत होतं. तो रिपोर्ट माझा होता. माझी चूक झाली."

बुधाजींनी सोबतच्या रिपोर्टकडे बोट केलं.

"तो कागद मी शाळेत दिला होता, मॅडम."

"कुठल्या शाळेत?"

"दादरला. शिपाई होतो मी. एका बाईंनी तक्रार केली, हा डोळा मारतो म्हणून. मी म्हटलं, आजार आहे. हेडमास्तर म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा. कागदावर तर काहीच नव्हतं."

"मग?"

"मग काय. घरी बसलो."

"मी तो रिपोर्ट दुरुस्त करून देते," वैशाली म्हणाली. "चूक माझी होती असं लिहून."

मनाली उठून पडद्याजवळ गेली. त्या वळणाशी तिने बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"म्हणजे हे पप्पांच्या हातात नव्हतं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. झोपेतसुद्धा होत असेल त्यांना."

बुधाजींनी मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"तुला पण त्या बाईंसारखंच वाटलं होतं?"

मनाली पडद्याकडेच बघत राहिली. तिची मान लाल झाली होती.

बुधाजींनी खुर्चीवरची तिची पर्स उचलून तिच्या खांद्याला अडकवली.

"चल," ते म्हणाले. "ते डॉक्टर जेवायला निघून जातील."