आमच्या खाद्यात औषध कुणी घातलं?

“अरे लायल, जंतांचं औषध जंतांच्याच खोलीत घालतात का रे? डोकं कुठं ठेवून येतोस?”

“माझ्यावर काय ओरडतेस, ओडील? उंदरांच्या खोलीत बारीक जंत निघाले. वरून सांगितलं, सगळ्या पिंजऱ्यांत औषधाचं खाद्य घाला. घातलं!”

“आणि दारावरची पाटी?”

“तिच्यावर ‘इथे जंत आहेत’ एवढंच लिहिलंय. म्हणून तर इथं दोन मुठी जास्त घातलं!”

मित्रांनो, ते जंत म्हणजे आम्ही. मी एक हुकवर्म. प्रयोगशाळेतल्या एका हॅमस्टरच्या आतड्याला दातांनी लटकून हे सगळं ऐकतोय, आणि माझं टाळकं फिरलंय.

आम्ही मुळात माणसांचे. इथंच, लुइझियानाच्या चिखलात, अनवाणी पोरांच्या तळव्यातून आत शिरायचो. रक्त प्यायचो. पोरं पांढरीफटक पडायची. वाईटच काम, कबूल. पण हॅमस्टरमध्ये न्या, असं आम्ही म्हटलं होतं का? तुम्हीच आणलंत. आमच्याविरुद्धची लस आधी माणसांवर करून बघता येत नाही ना, म्हणून. हॅमस्टरच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या कातडीवर आमच्या अळ्या सोडल्यात. जवळजवळ सगळ्या मेल्या. उरल्या त्यांची अंडी घेतलीत, परत पिल्लं, परत मरण. माझ्या आज्या-पणज्या अशा मरत मरत इथं रुळल्या. पिल्लंही सुकली. त्यांना तरी कुणी विचारलं?

आता कुठं ओडीलची लस आमच्यावर तपासायची होती. आम्ही संपलो की लसही संपली. आणि या शहाण्यानं आम्हालाच औषध चारलं!

“पिंजऱ्यांतला कालचा भुसा कुठंय?” ओडील एकदम म्हणाली. “त्या लेंड्यांत औषधाआधीची अंडी असतील.”

“पिशवीत भरला. जाळायला गेला असेल.”

“असेल म्हणजे? पळ की!”

लायल पळाला. पिशवी पोटाशी धरून धापा टाकत आला. आता दोघं फरशीवर बसून लेंड्या वेचतायत.

“नाक काय मुरडतोस? वेच!”

“वेचतोय ना बाई!”

ओडील त्या लेंड्या कोळशाच्या ओल्या भुकटीत कालवणार, अंड्यांतून अळ्या निघतायत का बघणार. निघाल्या तर आमचा वंश राहिला, लसही राहिली. नाही निघाल्या तर सगळं पहिल्यापासून. पुन्हा तेवढीच पिल्लं मारणार तुम्ही!

मित्रांनो, कुणाला त्याच्या घरातून उपटून आणलंत, तर नीट सांभाळा. जमत नसेल तर आणूच नका. आणि खाद्य ओतायच्या आधी तोंड उघडून विचारा, विचारायला काय जातं तुमचं? अजून खूप बोलायचं होतं, पण माझे दात सुटायला लागलेत. निघावं लागतंय मला.